धाकटीचा उठाव

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं, छत्री दाराशी टेकवली, तोच अक्षरकाका म्हणाले, ‘सावलीबाई, धाकटी गेली.’ घरी धाकटी म्हणजे मी. तशी हाक मारणारं आता एकटी ताई सोडली तर कुणी उरलेलं नाही, पण हाकेला ओ द्यायची सवय कुठे जाते? स्वतःच्याच जाण्याची बातमी अशी उभ्या उभ्या ऐकायला मिळाली, आणि खोटं कशाला सांगू, पहिला विचार मनात आला तो दिव्याचा. सकाळी आभाळ इतकं गच्च होतं, की कोटाचं तुटलेलं बटण लावायला टेबलावरचा दिवा लावावा लागला होता. तो मालवला का आपण? मग काकांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि उलगडा झाला. गेली होती ती डोंगराची धाकटी. शाळांसाठी आमचं ऑफिस नकाशांचं पुस्तक काढतं, त्यात ‘देशातले सर्वांत मोठे डोंगर’ असं एक जोडपान असतं. पहिली थोरली, दुसरी धाकटी, मग बाकीचे. मी शाळेत असताना हे असंच होतं, आणि गेली कित्येक वर्षं त्या पानावरच्या डोंगरांच्या सावल्या मीच काढत आले आहे. माझं कामच ते. नकाशा सपाट असतो. त्यावर पेन्सिलीने अशी सावली धरायची, की डोंगर कागदातून वर आल्यासारखा वाटला पाहिजे. म्हणून मी सावलीबाई. काका डोंगरांची नावं लिहितात, म्हणून ते अक्षरकाका. धाकटीच्या नावावर त्यांना आज पांढरा रंग फिरवायचा होता. ‘इतका देखणा ध पुन्हा जमायचा नाही हो,’ ते हळहळत म्हणाले. त्यांना डोंगराचं काहीच नव्हतं, दुःख होतं ते फक्त त्या ध चं.

नवे साहेब आले, ते नेहमीसारखे धापा टाकतच. तरुण आहेत, हुशार आहेत, आणि शब्दागणिक हात हलवतात. ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर ऑफिसात एक संगणकही आला, आणि आता डोंगरांची मापं तो काढतो. ‘बाई, नुसती उंची फसवी असते,’ ते म्हणाले. ‘बापाच्या खांद्यावर बसलेलं पोरही उंचच दिसतं की नाही? त्यात पोराचं स्वतःचं किती, ते बघायला हवं. आता असं समजा, की समुद्र चढायला लागला.’ मी समजले. मला असं समजायला वेळ लागत नाही. ‘पाणी वर वर येतंय. गावं गेली, रस्ते गेले. शेवटी थोरली आणि धाकटी यांच्यामध्ये जी खिंड आहे, तिच्यात पाणी शिरलं. धाकटी तुटली, तिचं बेट झालं. आता पाण्याच्या वर जेवढी उरली, तेवढा तिचा उठाव. तेवढीच तिची स्वतःची कमाई.’ मी विचारलं, ‘मग किती उरते?’ साहेबांनी बोटांची चिमूट करून दाखवली. ‘खिंड अगदीच उथळ आहे हो. धाकटी वेगळा डोंगर नाहीच मुळी. थोरलीचा खांदा आहे तो. या वेळी पान उठावाप्रमाणे लावायचं आहे, त्यामुळे ती बाद.’ तिच्या जागी दूर समुद्राकाठचा एक बोडका डोंगर आला होता. उंचीने बेताचा, पण आजूबाजूला कुणी नाही, सगळा पायथ्यापासून स्वतःचा स्वतः. त्याला धड नावही नव्हतं. काकांनी ते तिथल्या लोकांना विचारून लिहायचं ठरलं होतं. साहेब गेल्यावर काका म्हणाले, ‘आपल्या मालाला उठाव नाही म्हणतात तो हाच का हो?’ आणि स्वतःच हसत बसले.

उठाव. मी पेन्सिलीला टोक काढता काढता तो शब्द तोंडात घोळवत राहिले. मालाला असतो तो उठाव. भरतकामात, काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याला येतो तो उठाव. आणि इतिहासाच्या पुस्तकात रयत करते तोही उठावच. माझ्या आयुष्यात तो एकच झाला. आईवडील गेल्यावर मी ताईकडे राहत होते, तिच्या मोठ्या घरात, शहरातल्या उंच टेकडीवर. ताई बाळंतपणं करणारी डॉक्टर. अर्धं शहर तिच्या हातांवर जन्माला आलेलं. भाजीवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत जो तो मला म्हणायचा, ‘तुम्ही डॉक्टरीणबाईंच्या बहीण ना?’ मला त्यावर हो म्हणण्यापलीकडे काही काम नसायचं. एके दिवशी जेवताना मी म्हटलं, की मी खोली बघितली आहे. भावोजींचा घास हातातच राहिला. ताईने पाण्याचा तांब्या उचलून पुन्हा तिथेच ठेवला. खोली मी पलीकडच्या ठेंगण्या टेकडीवर घेतली, आणि घेताना एक गोष्ट नीट पाहून घेतली होती: माझ्या खिडकीच्या आणि ताईच्या घराच्या बरोब्बर मध्ये पाण्याची टाकी येत होती. ताईचं घर मला दिसत नव्हतं, टाकीच्या वर फार तर गच्चीच्या कठड्याची रेघ. लोक देखावा बघून खोल्या घेतात, मी आडोसा बघून घेतली. मग एकेक नियम झाले. रविवारी दुपारचं जेवण ताईकडे, उजेड आहे तोवर परत. घरी फोन घ्यायचा नाही, कारण घेतला तर ती रोज करील. आणि ऑफिसात फोन करायचा नाही म्हणजे नाही. हा शेवटचा नियम उगीच झाला नव्हता. एका रविवारी मी तिच्यासमोर दोनदा खोकले, तर सोमवारी तिने आधीच्या साहेबांना फोन करून सांगितलं, की माझ्या बहिणीला ताप आहे, घरी पाठवा. साहेबांची दोन्ही मुलं तिच्याच हातची. त्यांनी मला धट्टीकट्टी असताना घरी पाठवलं. त्या संध्याकाळी मी जे तोंड सोडलं, त्याचा विषय नंतर दोघींपैकी कुणीही कधी काढला नाही. नियम मात्र ताईने पाळले. तिचं तसं असतं, एकदा ठरलं की ठरलं.

कागद ताणून बसवला. उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असं धरायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. तसा उजेड खऱ्या डोंगरावर पडतो की नाही, हे कुणी विचारायचं नाही. तो तिथूनच यायला हवा. कागद उलटा धरा, उजेड खालून आला असं होऊ द्या, की सगळे डोंगर खड्डे होतात आणि दऱ्या वर येऊन बसतात. डोळा तसा भोळाच असतो. खिडकीबाहेर धुकं उतरलं होतं, समोरची इमारत अर्धी पुसली गेली होती, आणि थोरलीचा डावा उतार कोरा सोडून उजव्या उताराला मी हलकी पेन्सिल लावली तेव्हा ऑफिसाच्या फरशीवरून पाणी आत येताना मला दिसलं. घाईने नाही, अगदी पाहुण्यासारखं, दाराशी थोडं घुटमळत. काकांच्या खुर्चीचे पाय बुडाले, काका ध पुसत राहिले. रस्त्यावरून बस गेली ती पाण्याखालून गेली, दिवे लावून, आवाज न करता. बाजार बुडाला, माझी शाळा बुडाली, ताईचा दवाखाना बुडाला आणि त्याच्या पायऱ्यांवर ठेवलेल्या चपला एकेक करून तरंगायला लागल्या. मला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. उलट बरं वाटत होतं. चढ अजून, मी म्हणत होते, अजून थोडं. दोन टेकड्यांच्या मधल्या बसथांब्यापर्यंत ये. मग मी सुटले.

आम्ही लहान होतो त्या गावातून दोन्ही शिखरं दिसायची. खरी थोरली, खरी धाकटी. वडील आम्हाला खिडकीशी उभं करून म्हणायचे, ‘ही ताई, ती तू.’ ताईच्या उतरलेल्या कपड्यांत मी वाढले, ताईच्या उतरलेल्या पुस्तकांतून शिकले, त्यांत महत्त्वाच्या ओळींखाली तिने आधीच रेघा मारून ठेवलेल्या असायच्या. मला कधी काही महत्त्वाचं शोधायची पाळीच आली नाही. पण पहाटे कधी कधी मधल्या खिंडीत ढग भरायचा. तेव्हा धाकटी एकटी उभी असायची, कुणाच्या खांद्यावर नाही, कुणाला चिकटून नाही. ते बघायला मी थंडीत उठायची. ताई आधीच उठलेली असायची, दिवा लावून अभ्यासाला बसलेली. ‘काय बघतेस गं?’ ‘काही नाही.’ ती आपली शाल माझ्या अंगावर टाकायची आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायची, आणि मी त्या शालीत उभी राहून तिच्यापासून वेगळी व्हायचे. रात्री मात्र मला तिच्या दिव्याशिवाय झोप लागत नसे. तो विझला की मी दचकून जागी व्हायची. डॉक्टरी शिकायला ती दूर गेली तेव्हा खिडकीजवळचा पलंग मला मिळाला. हवा होता तोच मिळाला, आणि कितीतरी रात्री मी त्यावर टक्क जागी राहिले. हे मी ताईला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने झोपेचं औषध दिलं असतं.

भावोजी गेल्या वर्षी गेले. त्यांच्यामागे ताई त्या घरात एकटी आहे, गुडघे गेलेले, दवाखाना बंद केलेला. मागच्या रविवारी जेवण झाल्यावर तिने मला वरच्या खोलीत नेलं. नवे पडदे, नवं कपाट, आणि खिडकीशी माझ्यासाठी करून घेतलेलं कामाचं टेबल. ‘आता पुरे झाली ती खोली,’ ती म्हणाली. ‘इथे ये राहायला. दोघी राहू.’ मी टेबलापाशी उभी राहिले. खिडकी उजवीकडे होती. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून लागतो, नाही तर स्वतःच्याच हाताची सावली कागदावर पडते. मी तेवढंच बोलले. ‘मग फिरवू की टेबल,’ ताई म्हणाली, ‘त्यात काय मोठंसं?’ खरंच, त्यात काय मोठंसं होतं? तिने मला विचार करायला गुरुवारपर्यंतची मुदत दिली. शुक्रवारी टेम्पोवाला मोकळा होता म्हणून. आज गुरुवार. संध्याकाळी वर जाऊन मला नाही म्हणायचं होतं, आणि ते कसं म्हणायचं ते चार दिवसांत सुचलं नव्हतं. भाडं, सामान, पायऱ्या, उजेड, जे कारण पुढे करीन त्यावर ताईकडे उपाय होता. खरं कारण एवढंच, की तिथे गेले की माझी चिमूटभर उरलेली मी उरणार नाही. ते सांगितलं असतं तर तिला लागलं असतं, आणि नाही सांगितलं तर शुक्रवारी टेम्पो आला असता.

‘बाई,’ साहेब मागे उभे होते. ‘ही खिंड जरा खोल नाही झाली?’ मी कागदाकडे पाहिलं. थोरली आणि धाकटीच्या मध्ये माझ्या पेन्सिलीने दरी खणली होती. काळीभोर. जिथे गुरं चरत चरत एका डोंगरावरून दुसऱ्यावर जातात, तिथे कडा तुटला होता, आणि नावाविना उभी असलेली धाकटी अशी काही कागदातून वर आली होती, की थोरलीच तिच्यापुढे फिकी वाटावी. इतक्या वर्षांत माझा हात असा कधी गेला नव्हता. काका चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि म्हणाले, ‘वा! आता हिला नाव द्यावंच लागणार.’ मी म्हटलं, ‘हात गेला. उद्या रबराने उजळते.’ आणि कागदावर कागद झाकून उठले.

बसमधून उतरले तेव्हा धुकं तसंच होतं. आमचा बसथांबा दोन टेकड्यांच्या बेचक्यात आहे. डावीकडचा रस्ता माझ्याकडे चढतो, उजवीकडचा ताईकडे. थांब्याच्या बाकावर एक म्हातारी बाई बसली होती. ती ताई आहे हे ओळखायला मला वेळ लागला, कारण ताई बाकावर बसलेली मी कधी पाहिली नव्हती. गुडघे दुखायला लागल्यापासून ती घराच्या फाटकाबाहेरही पडत नाही. केसांवर धुक्याचे थेंब, हातात मिटलेली छत्री. उजव्या पायात बाहेरची चप्पल, डाव्यात घरातली सपात.

‘ताई? इथे काय करतेस?’

‘दूध संपलं होतं.’ तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, रुग्णाकडे बघतात तसं. ‘तू बरी आहेस ना?’

‘मला काय धाड भरलीय? पिशवी कुठाय दुधाची?’

तिने डावा पाय बाकाखाली ओढला. थांब्याशेजारच्या किराणावाल्याने आतून आवाज दिला, ‘डॉक्टरीणबाई दुपारपासून बसल्यात हो. चार बसा गेल्या, म्हणतात माझी नाही.’ ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा आत गेला.

‘दिवा चालू आहे तुझा,’ मग ती म्हणाली. ‘सकाळपासून.’

‘असेल. विसरले मी. पण तुला कसं कळलं?’

‘तू कधी विसरत नाहीस. नऊला निघतेस, त्याआधी मालवतेस. आज दहा झाले, अकरा झाले, दिवा आपला चालूच. म्हटलं पडलीबिडली असशील. घरी तुझ्या फोन नाही. ऑफिसात करायचा नाही, तूच म्हणाली होतीस.’ तिने छत्रीचं टोक जमिनीवर रेटलं. ‘म्हणून उतरले. इथवर आले, तुझ्या चढाला लागले, तर गुडघा जागेवरच बसला. वरही जाईना, परतही फिरवेना. चढ एक वेळ परवडतो गं, उतार जीव घेतो.’

मी तिच्या शेजारी बसले. माझ्या खोलीपासून या बाकापर्यंत उतार तो केवढा, पायांना कळतही नाही. ताईच्या घरापासून मात्र तो सरळ खाली येतो, वळणावळणाने, संपता संपत नाही. जो उंच, त्याला खिंडीत यायला जास्त उतरावं लागतं, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. खिंड मी खणली, नियम एकेक मी केला, आणि धुक्यात, एका पायात चप्पल आणि एका पायात सपात घालून, गेलेल्या गुडघ्यांनी ती तिच्यात उतरली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ताईचा हात हातात घेतला, तो गार पडला होता.

‘ताई, मी येणार नाही राहायला.’

निघून गेलं तोंडातून. चार दिवस जुळवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. ताई समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. एक बस आली, थांबली, आमची वाट बघून निघून गेली.

‘टेबलामुळे का?’ तिने विचारलं.

‘नाही.’

‘मग माझ्यामुळे.’

‘माझ्यामुळे,’ मी म्हटलं. ‘तुझ्याकडे आले की मी दिसेनाशी होते. मलाच दिसेनाशी होते.’

ती रागावेल असं वाटलं होतं. पण तिने फक्त पाय थोडा लांब करून गुडघा चोळला. ‘लहानपणापासून हट्टी,’ ती म्हणाली. ‘टेम्पोवाल्याला नाही म्हणून कळवायला हवं.’

‘फोन घेते मी,’ मी घाईने म्हटलं. ‘घरी. या आठवड्यात अर्ज करते. पण रोज करायचा नाही.’

‘छे, रोज कशाला? मला काय उद्योग नाहीत?’ मग जरा थांबून, ‘दिवसाआड करीन.’

किराणावाल्याने कुणाची तरी गाडी थांबवली. गाडीवाला डॉक्टरीणबाईंच्याच हातचा निघाला, म्हणजे निघणारच होता. त्याने आम्हाला वर सोडलं. एरवी मी उजेड आहे तोवर ताईकडून निघते, त्यामुळे तिच्या गच्चीवर अंधार पडताना मी कधी उभीच राहिले नव्हते. गच्चीच्या कठड्याशी एक वेताची खुर्ची होती, बसून बसून मध्ये खोलगट झालेली. माझा आधार घेत जिना चढून आलेली ताई तिच्यात बसली आणि तिने बोट केलं. खाली पाण्याची टाकी, जिच्या आडोशाने मी इतकी वर्षं निर्धास्त होते, ती इथून ठेंगणी दिसत होती. तिच्यावरून सगळं सरळ दिसत होतं. बेचक्यात धुकं काठोकाठ भरलं होतं, थांबा नाही, रस्ता नाही, किराणावाला नाही. आणि त्या धुक्याच्या पलीकडे, कुणाच्याही खांद्यावर नसलेली, पायाखाली फक्त पांढरं घेऊन माझी टेकडी उभी होती. तिच्यावर एकच दिवा चालू होता, माझा. लहानपणी खिडकीतून पाहायचे, तेव्हा धाकटी अशी पूर्ण कधी दिसली नव्हती. थोरलीवरून ती अशी दिसते, हे मला ठाऊकच नव्हतं. उद्या खिंड उजळायला हवी, मनात आलं. खोल आहे, पण मी काढली तेवढी नाही.

‘रोज बघतेस?’ मी विचारलं.

‘बघते म्हणजे काय, दिसतो. किती उशिरापर्यंत डोळे फोडत बसतेस तेही दिसतं.’ तिने शाल खांद्यावर ओढून घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आता जा बाई, मालव तो जाऊन. तो विझल्याशिवाय मला झोप लागत नाही.’